गोठ्याला कुठं रंग दिलेला

आमची घरमालकीण आंटी नाताळच्या आधीच्या रविवारी कुणाला काम करू द्यायची नाय. सकाळी चर्चमधनं आली की चाळीच्या मधोमध नारळाखाली खुर्ची टाकायची आणि जी दिसेल तिला बसवायची. हातात बादली असू दे, धुण्याचा पिळा असू दे. म्हणायची, "बस गो. काम काय पळून जातंय? उद्या पण हाय तिथंच." मग बाया बसायच्या. पायरीवर, पाटावर, उलट्या घमेल्यावर. बोलायचंच असं काय नाय. नुसतं बसायचं, ऊन सरकेल तसं सरकायचं. अंधार पडला की ती उठायची, म्हणायची, झाला, आता जा.

मी ठाण्यात कोलशेतला तिच्या चाळीत भाड्यानं आले तेव्हा मला वाटलेलं, बाई डोक्यानं जरा कमी आहे. चाळ म्हणजे नऊ खोल्या, वर कौलं, मागं खाडीकडं जाणारी चिखलाची वाट. जमीन तिच्या सासऱ्याची. ती माणसं तिथली जुनी, ख्रिस्ती, पण बोलणं मराठीच, आगरी वळणाचं. आम्ही भाडेकरी सगळे बाहेरनं आलेले. मी जुन्नरकडची. शेजारची कमल कोकणातली, तोंडानं फटकळ. तिच्या पलीकडं खैरुनभाभी. नवरे सगळ्यांचे तिथल्याच कंपन्यांत, नायतर वागळे इस्टेटला.

आंटी उंच, हाडकुळी. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधून कानाला अडकवायची. घरात जुनेर गाऊन, आणि रविवारचा एक निळा फ्रॉक. एकच. तो फ्रॉक फिका पडला की ती सगळी शिवण उसवायची, कापड उलटं करायची आणि आतली बाजू बाहेर घेऊन परत शिवायची. झाला नवा. नाताळ आला की तिच्या घरातनं मशीनचा आवाज यायचा, तेव्हा आम्ही समजायचं, आंटी फ्रॉक उलटतेय. तिचा मुलगा बेनी म्हणायचा, "एक दिवस मम्मा मला पण उलटून शिवेल. आतून नवा निघेन मी."

बेनी वागळे इस्टेटला लेथ मशीनवर होता. हसरा. एवढा मोठा झाला तरी आईला सगळं विचारून करायचा आणि वर चिडवायचा. दर साली विचारायचा, "मम्मा, यंदा तरी एक केक विकत आणू?" ती म्हणायची, "आण. आणि बाहेर बसून एकट्यानं खा." तो कधी आणायचा नाय.

कारण तिचा नियम होता. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यांच्यात मोजतात. पहिला रविवार लागला की आंटी बाजारात पाय ठेवायची नाय. जे घरात आहे त्यात नाताळ. साखर वर्षभर मूठमूठ बाजूला पडायची. संत्र्याच्या साली कौलांवर वाळायच्या. मोरीच्या मागं पपईचं झाड होतं, त्याच्या कच्च्या पपया पहिल्या रविवारी उतरवायच्या, बारीक तुकडे करायचे आणि साखरेच्या पाकात शिजवायचे, रंगाला बीट. दुसऱ्या रविवारी डब्यांच्या झाकणात माती घालून नाचणी पेरायची. नाताळपर्यंत बोटभर हिरवी गार उगवायची, तेच येशूच्या जन्माच्या देखाव्यात गोठ्यातलं गवत. तिसऱ्या रविवारी कुलकुल. चवथ्या रविवारी बसायचं.

कुलकुल म्हणजे आपल्या शंकरपाळ्यासारखंच, मैद्या-रव्याचं, नारळाच्या दुधात भिजवलेलं. पण त्याची गोळी कंगव्यावर दाबून गुंडाळायची, म्हणजे वर रेघा उठतात, शिंपलीसारख्या. त्यासाठी चाळीतल्या प्रत्येक घरात एक वेगळा कंगवा होता, केसाला न लावलेला. तिनंच ठेवायला लावलेला. सगळ्या बाया तिच्या ओटीवर गोल करून बसायच्या आणि तिथं तिचा आणखी एक नियम. पीठ हातात असताना रडगाणं गायचं नाय. तेल महागलं, नवरा पितो, पोरीला फ्रॉक नाय, काय एक बोलायचं नाय. "पिठाला कान असतात," म्हणायची. "तू रडलीस तर ते फुगायचं नाय." कमल एकदा सासूबद्दल काहीतरी बोलली तर आंटीनं तिच्या हातातला गोळा काढून घेतला आणि दारापर्यंत जाऊन ये म्हणाली. कमल गेली बिचारी दारापर्यंत, आणि आली.

दारावर टांगायची चांदणी पण जुनीच. बांबूच्या काड्यांची, दर साली तीच अडगळीतनं निघायची. फाटलेला कागद असेल तिथं ती हाताला येईल ते चिकटवायची. एकदा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा लावला. आतला दिवा लागला की एका पाकळीत गणपती दिसायचा. फादर घरी आशीर्वाद द्यायला आलेले, वर बघत राहिले. आंटी म्हणाली, "कागद चांगला होता, फादर." ते पपई खाऊन गेले.

माझी मुलगी सुषमा तेव्हा सात वर्षांची. शाळेत ख्रिस्ती मुली होत्या, त्यांचे नवे फ्रॉक, बूट, घरात रंग काढलेला. ती येऊन आंटीलाच म्हणाली, तुमच्या घराला रंग का नाय, तुमचा सण ना. आंटीनं तिला मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तो कुठं जन्मला? गोठ्यात. त्या गोठ्याला कुणी रंग दिलेला? गाईच्या शेणातच झाला ना? मग." सुषमानं ते इतकं धरलं की मी दिवाळीला काय आणायचं म्हटलं तरी म्हणायची, गोठ्याला कुठं रंग दिलेला.

आता तीच सुषमा घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहते. मी तिच्याकडंच असते. डिसेंबर लागला की त्यांच्या सोसायटीत नाताळची पार्टी, झाड, दिवे, नातीला लाल ड्रेस, चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला भेट, ती अमुक रुपयांच्या खाली नको आणि वर पण नको. पोरगी ऑफिसातनं येते ती फोनवर वस्तू बघत. रात्री डोकं दुखतं म्हणून पडते. हा आपला सण पण नाय. मी बघत असते.

भेट आंटीकडं पण असायची. बेनीच्या गेलेल्या बापाची जुनी हॅट होती, त्यात चाळीतल्या मोठ्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या. पण भेट विकत आणायची नाय. आपल्या घरातली, वापरातली वस्तू द्यायची, आणि अशी द्यायची की दिल्यावर आपल्याला चुकल्यासारखं झालं पाहिजे. "नको असलेलं देतात त्याला भंगार म्हणतात," आंटी म्हणायची. कमलनं एकदा तडा गेलेला कप दिला तर आंटीनं तो सगळ्यांसमोर तिला परत दिला. दुसऱ्या दिवशी कमल आपली पुरणाची चाळण घेऊन आली, रडवेली होऊन. आंटी म्हणाली, हां.

माझा नवरा गेला तो पावसाळ्याच्या शेवटी. छातीचं दुखणं, कंपनीच्या पावडरीनं झालेलं असं लोक म्हणायचे, कुणी लिहून दिलं नाय. तेराव्याला सासरची माणसं जेवली आणि गेली. मी वागळे इस्टेटला पॅकिंगला लागले. सकाळी ती पाळी, संध्याकाळी दोन घरची भांडी, रात्री सुषमाचं. त्या साली आमच्यात सण नव्हता. माणूस गेलेल्या घरात त्या वर्षी कढई चढत नाय, गोडधोड शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं. दिवाळीला कमलनं चकल्या दिल्या, खैरुनभाभीनं शेवया. मी डबे रिकामे परत करायची, माझ्याकडं घालायला काय नसायचं. ते मला लागायचं. आपल्यात रिकामं भांडं कुणी परत करत नाय.

डिसेंबरचा तो चवथा रविवार आला. मी दुसऱ्यांच्या चादरी धुवायला घेतलेल्या. आंटी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आंटी, आमच्यात यंदा सण नाय."

"तुज्यात नसंल," ती म्हणाली. "हा माजा हाय. तू माज्या सणात बस."

चादरी तशाच भिजत ठेवून मी बसले. तासभर झाला असेल, आणि माझ्या ध्यानात आलं, नवरा गेल्यापासून मी बसलेच नव्हते. झोपले होते, उभी होते, बसले नव्हते. बसल्यावर ते सगळं आलं. तो गेला हे त्या दिवशी मला कळलं, नारळाखाली. मी रडले नाय, तोंडावर पदर धरून बसून राहिले. आंटीनं विचारलं नाय काय झालं. ऊन आमच्यावर आलं तेव्हा म्हणाली, सरक जरा.

आणि नाताळाला माझ्या दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उभं. चार पाय खाली दिसत होते. तिची खुर्ची. लाकडाची, घडीची, जिच्यावर ती बसायची तीच. हॅटमधल्या चिठ्ठीत माझं नाव नव्हतं, मी घातलंच नव्हतं. तरी दिली. पुढं दर साली ती चवथ्या रविवारी पायरीवर बसायची आणि कंबर धरून उठायची. मी खुर्ची पुढं केली तर म्हणायची, दिलेल्या वस्तूवर देणारा बसत नाय.

असं सहा-सात वर्षं चाललं. मग ऑक्टोबरात बेनी गेला.

घोडबंदर रोडनं स्कूटरवरनं येत होता, पाठीमागनं कंटेनर. एवढंच सांगतात, आणि तेवढंच असतं. सव्वीस वर्षांचा. घरी आणला तेव्हा अंगावर पांढरा कोट घातलेला, त्याचा नव्हता, कुणाचा तरी. आंटीनं त्याची कॉलर सरळ केली. दफन झालं, माणसं आली, गेली. तिची वसईची बहीण महिनाभर राहिली. जाताना मला म्हणाली, हिला मी घेऊन जाते म्हणते तर ऐकत नाय, नाताळ झाला की सांगते म्हणते, तुम्ही लक्ष ठेवा.

लक्ष काय ठेवणार. बहीण गेली आणि आंटीनं दार लावून घेतलं. सकाळी एकदा मोरीला यायची, कुणाकडं बघायची नाय, परत आत. मशीन बंद. आम्ही पाळीपाळीनं जेवणाचं ताट तिच्या पायरीवर ठेवायचो, वर दुसरं ताट झाकून. संध्याकाळी बघावं तर ताट जसंच्या तसं. कधी भाताचा एक कोपरा उकरलेला, तेवढाच. तिच्या घरातनं रिकामं ताट कधी कुणाकडं गेलं नव्हतं, साखरेची चिमूट तरी असायची. आता भरलेलं ताट भरलेलंच परत यायचं. चर्चची माणसं केक ठेवून गेली, त्याला मुंग्या लागल्या. गाऊन अंगावर काठीला लावल्यासारखा दिसायला लागला. कमल मला मोरीवर म्हणाली, "ही उपाशी मरायला बसलेय गं. नाताळ झाला की सांगते म्हणाली ना बहिणीला? हे सांगणार आहे ती."

मला पण तेच वाटत होतं.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. पपया झाडावर पिकून पिवळ्या झाल्या, कावळे खायला लागले. तेव्हा मला माझं साल आठवलं. माणूस गेलेल्या घरात कढई चढत नाय, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. मी कमलला म्हटलं, आपण हिचा नाताळ करायचा. कमल म्हणाली, "आपल्याला काय येतं त्यातलं? आणि पैसे?" मी म्हटलं, पैशाचं ती काय करायची? काय नाय. मग आपण पण पैशाचं काय नाय करायचं.

दुसऱ्या रविवारी मी झाकणात नाचणी पेरली. तिसऱ्या रविवारी बाया माझ्या खोलीत जमल्या, आपापला कंगवा घेऊन. मैदा माझा, साखर कमलची, रवा खैरुनभाभीचा. नारळ आंटीच्याच झाडाचे, रात्री पडलेले, न विचारता उचलले. आता पीठ किती, दूध किती, हे कुणाला ठाऊक? आंटीनं कधी माप सांगितलंच नव्हतं, तिचं सगळं मुठीनं. आम्ही आमच्या मुठीनं घातलं. मळताना कमलला हुंदका आला तशी ती स्वतःच उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुलकुल तळून झाले. दिसायला बरे होते. खायला गेलो तर दातानं फुटेनात. तरी डब्यात भरून ठेवले.

चवथ्या रविवारी मी सकाळीच खुर्ची उचलली आणि आंटीच्या बंद दारासमोर टाकून बसले. बसले म्हणजे बसले. खैरुनभाभी पाट घेऊन आली. कमल आली, म्हणाली, "अकराला पाणी यायचंय, ध्यानात आहे ना?" तेव्हा चाळीला एका नळावर एकच तास पाणी यायचं. मी म्हटलं, आहे. अकरा वाजले, नळ सुटला, आवाज येत होता. कमल दोनदा उठली आणि दोनदा बसली. शेवटी पोरींनी जमेल तेवढं भरलं, बाकीचं वाहून गेलं. कमल म्हणाली, "उद्याच्या अंघोळी आंटीच्या नाताळच्या नावानं." आम्ही ऊन सरकेल तसे सरकत राहिलो.

दार काय उघडलं नाय.

अंधार पडला. झाला, आता जा, हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणाला उठता येईना. मग दाराच्या आतल्या अंगानं, खालीच, जमिनीजवळनं, फळीला काहीतरी घासल्याचा आवाज आला. आणि कण्हल्यासारखं, ती कंबर धरून उठताना करायची तसं. ती दाराला पाठ लावून बसलेली होती. आमच्यासारखीच, दिवसभर. मध्ये फक्त फळी.

मी उठले. म्हटलं, झाला. आता चला.

चोवीस तारखेला मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. गोठ्याच्या मूर्ती ती ओटीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची, त्या काढल्या. गाय, गाढव, एक मेंढपाळ ज्याचं डोकं मेणानं चिकटवलेलं, मरियाबाई आणि तिचा नवरा. तिच्या बंद दारासमोर पायरीशी नाचणीची झाकणं मांडली. खैरुनभाभीच्या नवऱ्यानं चांदणी बांधली, ते काम बेनीचं असायचं. दिवा लागला, गणपती दिसला. मध्ये गवतात बाळाची जागा तेवढी मोकळी.

बाळ पेटीत नव्हता. तो आत असायचा, तिच्या साखरेच्या डब्यात. ती त्याला रात्री बाराच्या प्रार्थनेनंतर बाहेर काढायची. आधी कुणी विचारलं तर म्हणायची, जन्मायच्या आधी बाळ दिसतो काय? हे मला ठाऊक होतं. पण कमल म्हणाली, "ओसाड दिसतं गं. आणि तिनं दारच नाय उघडलं तर? मग हे असंच राहणार, आईबाप बसलेत आणि मध्ये पोर नाय?"

ते ऐकवेना. मी घरात गेले आणि माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला. पितळेचा, रांगता, हातात लोण्याचा गोळा. आपल्याकडं लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देते. माझ्या आईनं दिलेलं दुसरं काय उरलं नव्हतं. अन्नपूर्णा नवऱ्याच्या औषधात गेली होती. चुकल्यासारखं झालं पाहिजे, असं ती म्हणायची ना. झालं. नेऊन गवतात ठेवला. पुढ्यात कुलकुलचं ताट ठेवलं. कमलनं विचारलं, पाळणा म्हणायचा का. मी म्हटलं, हळू म्हण.

तिनं दोन कडवी म्हटली असतील, आणि आतली कडी पडली.

आंटी दारात उभी राहिली. काळा झगा, केस सुटलेले, डोळ्यांवर चष्मा नाय. आमच्याकडं बघितलं नाय. चांदणीकडं बघितलं, मग खाली. दोरा बांधलेला चष्मा हातात होता, तो चढवला, खाली वाकली आणि बघतच राहिली. मला वाटलं आता चिडणार. दुसऱ्याच्या देवात आपला देव आणून बसवला मी.

"कुणी ठेवलाय हा?"

मी म्हटलं, "मी."

"वाजले किती?"

"साडेसात."

"अजून जन्मायचाय तो," ती म्हणाली. आवाज बसलेला, महिनाभर न वापरलेला. "आन हा तर रांगतोय गो. आज जन्मलेला पोर आजच रांगतो काय?"

कमल म्हणाली, "आमच्याकडं लवकर रांगतात."

आंटीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं. गुडघे धरून ती पायरीवर बसली, गोठ्याच्या शेजारी, आणि एक बोट बाळकृष्णाच्या पाठीला लावलं.

"बेनी नवव्या महिन्यात रांगला," ती म्हणाली. "ह्याच पायरीवरनं पडलेला. इथं लागलेलं." आणि आपल्या कपाळाला हात लावून दाखवलं.

ऑक्टोबरपासून तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. आम्ही पण घेत नव्हतो.

मग तिनं ताटातला एक कुलकुल उचलला आणि दाढेखाली धरला. कडकन आवाज झाला. चावत राहिली. गिळला. "दगड," म्हणाली. दुसरा उचलला. "पिठात गरम तेल कुणी घातलं?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. मी म्हटलं, "कुणी नाय."

"तेच तर." आणि तिसरा खाल्ला. मी मोजत होते. सात खाल्ले तिनं, ते दगड. खैरुनभाभी उठून गेली आणि गरम भात घेऊन आली, तो पण थोडा खाल्ला, आमच्या देखत, चमच्यानं.

उठताना मला म्हणाली, "माजा बारा वाजता येल. ह्याला जरा सरकव, जागा ठेव."

मी सरकवला. रात्री मी जागी राहिले नाय, सकाळची पाळी होती. पहाटे कामाला जायला उठले तेव्हा गोठ्यात दोघं होते. एक झोपलेला, मातीचा, नाक झिजलेला. आणि एक रांगणारा.

वसईला ती गेली नाय. बहिणीला काय सांगितलं ते मला माहीत नाय. पुढं चौदा वर्षं ती त्याच खोलीत होती आणि चवथ्या रविवारी लोकांना बसवत होती. कुलकुलात गरम तेल किती घालायचं ते पण तिनं मला दाखवलं, मुठीनंच. नंतर ती गेली, चाळ गेली, तिथं आता टॉवर आहे. त्याचं मला एवढं काय नाय. चाळी जातात.

पण त्या साली माझं ताट परत आलं नव्हतं. कुलकुलचं. दिवस गेले, नवं वर्ष लागलं, मी मागितलं नाय. बाळकृष्ण पण तिकडंच होता. देव्हाऱ्यात दिवा लावताना रिकामी जागा दिसायची, मी तिथं फूल ठेवायची. तिच्या घरातनं मशीनचा आवाज यायला लागलेला, थोडाथोडा. मला वाटलं, फ्रॉक उलटत असेल.

तीन राजांचा दिवस असतो त्यांच्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, त्या दिवशी गोठा आवरतात. संध्याकाळी आंटी माझ्या दारात आली. ताट हातात, वर रुमाल. मी म्हटलं, "आंटी, कशाला, रिकामं दिलं असतं तरी चाललं असतं."

"माज्या घरातनं रिकामं जात नाय," म्हणाली.

रुमाल काढला. ताटात मूठभर साखर, आणि साखरेत बाळकृष्ण, चिंचेनं घासलेला, लखलखीत. त्याच्या अंगात सदरा होता. बोटाएवढा, पण कॉलर, बाह्या, सगळं. निळ्या चौकड्यांचा. ते कापड मी ओळखलं. बेनी तो शर्ट घालून कामावर जायचा, कौलांवर चढून चांदणी बांधायचा. बाहेरनं तो पार विटलेला असायचा, तेलाच्या डागांनी. हा नव्यासारखा निळा होता. तिनं उलटून शिवलेला. त्याच्या अंगाला लागायची ती बाजू बाहेर.

मी ताट धरून उभी राहिले. बसा म्हणायचं पण सुचलं नाय.

ती जायला वळली, मग थांबून म्हणाली, "धुतलास तर सावलीत वाळव. उन्हात रंग जातो."

मी म्हटलं, बरं.

मी तो अजून धुतलेला नाय.